अंगावर काढा, मनावर घेऊ नका

रात्रीचे पावणेदहा. कोथरूडमधल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, एक निवृत्त बँक अधिकारी फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून फ्रिजपर्यंत चालताहेत. सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात, इथेही तेच म्हणू. हॉलची लांबी चौदा पावलं. दर चौदा पावलांनी ते टीव्हीसमोरून जातात आणि मालिकेतली सासू ऐन डोळे वटारण्याच्या वेळी त्यांच्या पोटाआड जाते. "अहो, बसा ना एका जागी," असं काकूंचं तीनदा म्हणून झालं आहे. पण काकांचा मोबाइल ८,६१२ दाखवतो आहे आणि दहा हजार झाल्याशिवाय काका बसणार नाहीत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. कॅश टॅली झाल्याशिवाय उठायचं नाही ही सवय, ती आता पायांत उतरली आहे.

दहा हजार हा आकडा कुणी ठरवला, असं विचारलं तर काका ठामपणे सांगतात, "डब्ल्यूएचओ." आपल्याकडे ज्या सल्ल्याचा बाप सापडत नाही, तो डब्ल्यूएचओच्या नावावर चढवतात. प्रत्यक्षात हा आकडा एका जपानी कंपनीचा. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानभर व्यायामाची हवा सुटली, आणि पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा आणि विकायला त्याहून सोपा. संशोधन मागाहून आलं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी जवळपास सतरा हजार अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजली. सरासरी वय बहात्तर. २०१९ साली निष्कर्ष छापून आले, ते असे: दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे त्यात फारसा फरक पडत नव्हता.

ही बातमी काकूंनी काकांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. "म्हणजे बघा, अकराशे बारा पावलांपूर्वीच तुमचं काम झालंय."

"तो अभ्यास बायकांवरचा आहे," काका म्हणाले आणि फ्रिजकडे निघाले. तिथे ते जरा जास्तच रेंगाळले. फ्रिजपाशी थांबण्याचा हिशेब मोबाइल ठेवत नाही.

सकाळी पावणेसहाला हेच काका वेताळ टेकडीवर असतात. बरोबर पाचसहा जणांचं टोळकं. एक इंजिनिअर, एक एलआयसीतले, एक संस्कृतचे मास्तर, एक जण पूर्वी कुठे होते हे कुणालाच नीट ठाऊक नाही पण सगळे त्यांना साहेब म्हणतात. पूर्वी माणसं भेटली की "काय, बरं आहे ना?" असं विचारत आणि समोरचा "बरं आहे" म्हणे. मराठीतला 'बरा' हा शब्द मोठा सावध. चांगल्याच्या अलीकडचा आणि वाईटाच्या पलीकडचा. आजारातून उठलेला माणूसही बरा होतो आणि जेमतेम जमलेली आमटीही बरी होते. "माझी तब्येत उत्तम आहे" असं मोकळेपणानं म्हणणारा मराठी माणूस विरळा, कारण नजर लागते. टेकडीवर मात्र आता कुणी "बरं आहे ना" असं विचारत नाही. थेट "तीन महिन्यांची किती आली?" असं विचारतात.

तीन महिन्यांची म्हणजे एचबीएवनसी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांना चिकटत जाते. त्यामुळे ही तपासणी मागच्या दोनतीन महिन्यांचा पाढा वाचते. आधीची उपाशीपोटीची तपासणी मराठी स्वभावाला सोयीची होती. परीक्षेच्या आधी आठ दिवस अभ्यास करायचा, गोड बंद, भात बंद, आणि रिपोर्ट हातात पडला की त्याच संध्याकाळी चितळ्यांच्या दुकानासमोर रांगेत उभं राहायचं. या नव्या तपासणीनं ती आयत्या वेळची हुशारी संपवली. गणपतीतले मोदक दिवाळीच्या तोंडावर दाखले म्हणून पुढे येतात. एलआयसीवाल्यांचा आकडा मागच्या खेपेला सव्वाआठ आला, तेव्हा टोळक्यात दहावी नापासाच्या घरी जाऊन बसावं तशी शांतता पसरली होती.

खाली उतरल्यावर टपरी आहे. तिथे 'बिनसाखरेचा' अशी मोठ्यानं ऑर्डर देऊन चहा घ्यायचा आणि बरोबर एक क्रीमरोल. साधारण सत्तर किलोच्या माणसानं एक किलोमीटर चालल्यावर पन्नाससाठ कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात, हा हिशेब टोळक्यातल्या इंजिनिअरनं एकदा मांडून दाखवला. त्यानंतर दोन दिवस वडापाव बंद होता. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आले नाहीत, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

महाराष्ट्राला व्यायामाचं वावडं होतं असं मुळीच नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, शाळाशाळांतून घालून घेत, आणि त्यावर त्यांनी पुस्तकंही लिहिली. त्यातलं एक १९३८ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालं. सूर्यनमस्कार ही कुणाची मिरास नाही, राजानंही वाकावं आणि शिपायानंही, असा त्यांचा खाक्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. आजही अनेक घरांत "आमचे आजोबा रोज एकशेआठ घालायचे" असं अभिमानानं सांगतात. आजोबांच्या नमस्कारांवर नातवाच्या पिढीचंही भागेल, असा एकूण विश्वास दिसतो. आरोग्य हे वतनासारखं वारसाहक्कानं मिळतं, सातबारावर नाव लागलं की झालं.

उपासाचंही तसंच. एकादशीला पोटाला विश्रांती द्यायची ही मूळची कल्पना. तिथे आपण साबुदाण्याची खिचडी आणून बसवली. त्या खिचडीकडे एकदा नीट पाहावं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरचीही अमेरिकेच्याच बाजूची. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले तेच मुळी १९४० च्या दशकात. म्हणजे गहू, तांदूळ हे इथले पिढ्यान्पिढ्यांचे शेजारी उपासाला चालत नाहीत आणि समुद्र ओलांडून आलेला निव्वळ स्टार्च मात्र देवाला चालतो. काकांना हे पटतं. तरी एकादशीला ते दोन वाट्या खिचडी, एक वाटी दाण्याची आमटी आणि वर रताळ्याच्या फोडी खाऊन "आज पोट कसं हलकं वाटतंय" म्हणतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकून आल्यावर त्यांनी दिवसातून दोनदाच जेवायचा आणि जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचा नेमही धरला होता. नेमाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी घड्याळ समोर ठेवून चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाचा शेवटचा घास घेतला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकांनी अक्षरशः पाळलं होतं, एवढं खरं.

'तब्येत' या शब्दाचीच यात थोडी लबाडी आहे. तब्येतीला जपा, असं डॉक्टर म्हणतात. पण पंगतीत आडवा हात मारणारा माणूस 'तब्येतीत जेवला' असंच आपण म्हणतो. चार तास गप्पा ठोकल्या तर त्याही 'तब्येतीत'. जी गोष्ट तब्येतीत करावी तिनंच तब्येत बिघडते, हे भाषेला ठाऊक असणार. तिनं ते आपल्या कानावर घातलं नाही.

टोळक्यातले संस्कृतचे मास्तर सडपातळ. गेली चाळीस वर्षं त्यांचा शर्टाचा नंबर बदललेला नाही आणि ही गोष्ट ते दर चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आणून देतात. "आपल्याला काय करायचंय तपासण्या? काडी आहे काडी." अशा काड्यांसाठी पुण्यातच एक गोष्ट घडून गेली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे फोटो शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावर बरोबरी, आत दुपटीहून जास्त. बारीक अंगाचे भारतीय आतून लठ्ठ कसे असतात आणि त्यांना मधुमेह लवकर का गाठतो, ते समजावून सांगायला एका शास्त्रज्ञानं स्वतःची चरबी जगापुढे ठेवली. असला मोकळेपणा आपल्याकडे दुर्मिळ. पेन्शन किती मिळते हे शेजाऱ्याला कळू न देणारी माणसं आपण. ही गोष्ट इंजिनिअरनं मास्तरांना ऐकवली, तेव्हा मास्तर दोन मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "याज्ञिक आडनावाची माणसं मुळात खाऊनपिऊन सुखी."

आता 'अंगावर काढणे'. या प्रयोगाची बरोबरी दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडेल की नाही, शंका आहे. आजार होतो, तो दिसतो, दुखतो, त्याच्यावर औषधही असतं, आणि तरी माणूस तो अंगावर काढतो. यात सहनशीलता आहे, काटकसर आहे आणि थोडा हेकटपणाही. पुरुषांमध्ये याचं सगळ्यात लाडकं रूप म्हणजे गॅस. छातीत दुखलं, गॅस. डावा हात भरून आला, गॅस. मागच्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता काकांच्या छातीत कळ आली. घर जागं झालं. काकूंनी ओवा दिला, मग गरम पाणी, मग शेजारून सोडा आला, मग कुणीतरी बेंबीवर हिंग लावायला सांगितलं. "डॉक्टरांकडे जाऊ या का?" हा प्रश्न हिंगानंतर, म्हणजे पाचव्या क्रमांकाला आला. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास सगळ्यात मोलाचा असतो असं डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. मराठी घरात तो तास ओव्याचा. काकांच्या बाबतीत तो खरोखरच गॅस निघाला, आणि त्याचं समाधान होण्याऐवजी इसीजीच्या पैशांबद्दल ते आठवडाभर हळहळत होते.

बायकांचं अंगावर काढणं मात्र विनोदात बसवणं कठीण. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांना तपासलं आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जे मांडलं त्यानं जग चकित झालं. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. बाकी सगळ्यांनी अंगावर काढलं होतं. गडचिरोलीला दूर म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. काकूंचा गुडघा आठ वर्षं दुखतोय. काकांची फाइल काखेत मारून त्या दर महिन्याला फॅमिली डॉक्टरांकडे जातात, काकांचं बीपी, काकांची शुगर, काकांची झोप सगळं तोंडपाठ सांगतात, आणि निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, चप्पल एका पायात घातलेली असताना म्हणतात, "डॉक्टर, माझाही गुडघा जरा कुरकुरतोय, पण ते जाऊ द्या." डॉक्टरही अनुभवी. ते म्हणतात, "वहिनी, परत आत या आणि आधी बसा." काकू बसतात, पण खुर्चीच्या टोकावर. घरी कुकर लावायचा असतो.

शरीराचं असं अंगावर काढायचं, आणि मनाचं? त्यासाठी दुसरा प्रयोग तयार आहे: "मनावर घेऊ नकोस." गंमत अशी की हाच प्रयोग उलटाही चालतो. "व्यायामाचं जरा मनावर घ्या" म्हणजे निश्चयानं करा. जे मनावर घ्यायला सांगतात ते आपण घेत नाही आणि जे घेऊ नका म्हणतात ते रात्रभर घेऊन बसतो. उदास वाटतंय, झोप उडाली आहे, कशात रस उरला नाही, असं कुणी सांगितलं तर घरातली चार माणसं मिळून चार उपाय सांगतात: फिरून ये, लग्न कर, देवाचं कर, कामात गुंतवून घे. लग्न झालेलं असेल तर दुसरा उपाय बदलून 'मूल होऊ द्या' असा होतो. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५–१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये दहातल्या एकाहून थोड्या जास्त लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. टोळक्यात सहा जण, सोसायटीत एकशे वीस. हिशेब बँकवाल्यानं करावा.

हा हिशेब होत नाही याचं कारण भूगोल. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यामुळे कुणी जरा वेगळं वागलं की पुणेकर "येरवड्याला पाठवा" म्हणतो आणि मुंबईकर "ठाण्याला". हापूस आणि संत्री ज्या गावांनी दिली त्या गावांच्या नावांवर हे आणखी एक ओझं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि मनाबद्दल उघड बोलायची सवय हजारो लोकांना लावली. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना म्हणून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे पेशानं मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यातून बाहेर येणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या 'कासव' या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. सरकारचा १४४१६ हा मोफत मदतीचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं संरक्षण द्यायला सांगितलं. काकांनी विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचलेली असल्यामुळे हे कलम त्यांना पाठ आहे. हप्ता आपण भरतो, मग कलम का वापरू नये, हा प्रश्न त्यांनी दात, डोळे आणि मूळव्याध यांच्या बाबतीत उपस्थित केलेला आहे.

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात ओळखीचं माणूस भेटणं हा एक खास मराठी प्रसंग. दोघेही एकमेकांना बघतात, दोघेही एकाच वेळी म्हणतात, "एका मित्राला घेऊन आलोय." मित्र दोघांचाही दिसत नाही. मग पंधरा मिनिटं पार्किंगच्या अडचणीवर गप्पा होतात.

त्यापेक्षा हसणं सोपं, असं ज्यांना वाटलं त्यांनी हास्यक्लब काढले. मुंबईत अंधेरीच्या एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज कुणीतरी विनोद सांगे आणि बाकीचे हसत. दोन आठवड्यांच्या आत चांगले विनोद संपले आणि चावट व टोचणारे सुरू झाले. बायामाणसं नाराज झाली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायला लावलं. पुढे हे जगभर पसरलं. विनोदी लेखकांनी या घटनेवर शांतपणे विचार करायला हवा. वेताळ टेकडीवरही असा एक गट हात वर करून हा हा हा करतो. काकांचं टोळकं तिथून जरा लांब बसतं. मास्तर म्हणतात, कारणाशिवाय हसणं हे लक्षण आहे. कशाचं, ते सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात एके दिवशी धुकं होतं आणि टोळक्यातली बोलणी नेहमीप्रमाणे क्रिएटिनिनवर आली होती. काका मधेच म्हणाले, "मला रोज रात्री तीनला जाग येते. कॅश कमी भरलेली असते. सगळे घरी गेलेत आणि मी मोजतोय. रिटायर होऊन दोन वर्षं झाली राव." सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचं हसू बाकीच्यांच्या आधी संपलं. "मग झोप येत नाही. उगाच डोळे भरून येतात. हिला उठवत नाही मी. हॉलमध्ये फेऱ्या मारतो."

या सगळ्यांना एकमेकांचं कोलेस्टेरॉल दशांशापर्यंत माहीत होतं. ही बाब कुणाच्याच रिपोर्टात आलेली नव्हती. थोडा वेळ फक्त हास्यक्लबाचा आवाज येत राहिला.

"बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या," मास्तर म्हणाले. "शाकाहारी माणसाचं कमी असतंच."

"तपासलंय. नॉर्मल आहे."

मग कुणालाच काही सुचेना. एलआयसीवाल्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. टपरीकडे उतरताना इंजिनिअर मुद्दाम मागे राहिले आणि काकांच्या बरोबरीनं चालू लागले. बराच वेळ ते खालच्या दगडांकडे बघत होते.

"कर्वे रोडला एक बाई आहेत. डॉक्टर. चांगल्या आहेत," ते म्हणाले. "मी दोन वर्षं जातोय. शुक्रवारी पाचला जा, गर्दी नसते. ओळखीचं कुणी भेटत नाही." आणि मग, काका काही विचारायच्या आत, "तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण जिन्यानं जा. तेवढीच तुमची पावलं होतील."